सुरू होऊन लगेच बंद पडणारे जुने आऊटबोर्ड इंजिन : घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

आपण कळवलेल्या माहितीचा सारांश असा. दाभोळच्या खाडीत आपल्या मामांच्या होडीवर असलेले 8 अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन बरीच वर्षे पडून होते. ते आपण पुण्याला, कोथरूडच्या घरी आणले आहे. ताजे पेट्रोल घालून दोरी ओढल्यावर ते चार-पाच सेकंद चालते आणि बंद पडते. चोक ओढून धरला तर थोडा अधिक वेळ तग धरते. मागच्या बारीक छिद्रातून जी पाण्याची धार यायला हवी, ती येत नाही. कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) नवा आणावा की संपूर्ण इंजिन उघडून घ्यावे, असे आपण विचारले आहे.

यांपैकी काहीही आज करू नये. आपल्या इंजिनात एकमेकांशी संबंध नसलेले दोन दोष दिसतात. चोक ओढल्यावर ते अधिक चालते, याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडते किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरते. धार येत नाही, याचा अर्थ थंड करणारे पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, निदान तशी शंका घ्यायला जागा आहे. पहिला दोष शोधण्यासाठी इंजिन चालवून पाहावे लागते आणि दुसरा दोष दूर झाल्याशिवाय ते चालवता येत नाही. म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे : जे इंजिन न चालवता तपासता येते ते आधी, मग पाण्याचा पंप, आणि पेट्रोलचा भाग सर्वांत शेवटी. बहुतेक जण उलटे करतात. कार्ब्युरेटर हाताशी असतो म्हणून तोच प्रथम सोडतात आणि तो साफ झाल्याच्या आनंदात कोरडे इंजिन चालवून पिस्टन चिकटवून घेतात.

तोपर्यंत पुन्हा दोरी ओढू नये. दोन्ही स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक) हाताने सावकाश फिरवावे, परंतु वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच. उलट फिरवल्यास पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलरची पाती उलटी दुमडतात आणि जुने, कडक झालेले रबर तिथेच तुटते. काम इमारतीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते आणि जवळच्या इन्व्हर्टरची किंवा दिव्याच्या बटणाची एक ठिणगी तिला पुरते. इंजिन चालू असताना धुरातून येणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तर डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. मोकळे अंगण आणि हाताशी अग्निशामक सिलिंडर, ही किमान तयारी समजावी.

होडीला इंजिन अडकवण्याच्या ब्रॅकेटवर मॉडेल आणि अनुक्रमांकाची पट्टी असते. तिचे छायाचित्र घ्यावे आणि त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका मिळवावी. पुढे ज्या संख्या मी देतो आहे त्या सर्वसाधारण आहेत. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच ग्राह्य धरावा.

पहिली चाचणी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते याची. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये असतो तो 14 मिलिमीटर आट्याचा गेज बहुतेक आऊटबोर्डला चालतो. दोन्ही प्लग काढून, प्लगच्या वायरी इंजिनच्या धातूला जोडून, थ्रॉटल पूर्ण उघडून, गेजचा काटा वर जायचा थांबेपर्यंत दोरी ओढावी. या आकाराच्या निरोगी इंजिनात साधारण 90 ते 130 पीएसआय मिळतात. तथापि नेमक्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक अधिक बोलका असतो. तो 10 टक्क्यांच्या आत असावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवेचा दाब दाभोळपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी कमी असतो आणि गेजही तेवढा कमीच दाखवतो. त्याची धास्ती घेऊ नये. एक सिलिंडर 110 आणि दुसरा 60 असे निघाले, तर मात्र पुढचा खर्च करण्यापूर्वी हेड उघडून पाहावे. हेडचे गॅस्केट फुटलेले असेल किंवा पिस्टनच्या रिंगा कार्बनने खाचेत चिकटल्या असतील, तर दुरुस्ती आवाक्यात आहे. सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियम घासून चिकटलेल्या उभ्या रेघा दिसल्या, तर बोअरिंग आणि जादा मापाचा पिस्टन लागेल. जुन्या मॉडेलचे पिस्टन मिळवणे हेच मग मोठे काम होऊन बसते आणि अशा वेळी थांबण्याचा सल्ला मी मोकळेपणाने देतो.

दुसरी चाचणी स्पार्कची. इंजिन काही सेकंद चालते म्हणजे स्पार्क आहे, हे खरे. परंतु तो दोन्ही सिलिंडरना मिळतो का, हे त्यावरून कळत नाही. हवेत अंतर ठेवून ठिणगी दाखवणारा टेस्टर स्वस्तात मिळतो. तो प्लगच्या भोकांपासून दूर ठेवून दोरी ओढावी. 6 ते 7 मिलिमीटरचे अंतर ओलांडणारी, निळी, कडकडीत ठिणगी हवी; पिवळसर, मरगळलेली ठिणगी टेस्टरमध्ये दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली ती टिकत नाही. स्पार्क मुळीच नसेल तर सर्वप्रथम बंद करण्याच्या बटणाची वायर सोडून पाहावी, कारण खाऱ्या हवेने ते बटण आतून जोडलेलेच राहते आणि लोक मात्र कॉइल बदलत बसतात. आपले इंजिन पॉइंट-कंडेन्सरचे (ठिणगीसाठी विद्युतप्रवाह तोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या संपर्कांचे) असेल तर पॉइंटवर आलेली पांढरी बुरशीसारखी पूड बारीक कानशीने काढून, मग स्वच्छ कागद ओढून पुसावी आणि फटीचे माप पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. अनेक जुन्या इंजिनांत ते 0.5 मिलिमीटरच्या आसपास असते.

त्यासाठी फ्लायव्हील काढावे लागेल. ते फक्त मधल्या भोकांत बोल्ट बसणाऱ्या पुलरनेच काढावे. कडेला नखे अडकवणाऱ्या पुलरने त्याची कड वाकते आणि हातोड्याच्या घावाने आतले चुंबक तडकतात. फ्लायव्हील निघाल्यावर शाफ्टवरची अर्धचंद्राकृती चावी पाहावी. ती किंचित जरी कापली गेली असेल तरी टायमिंग सरकते. परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग पूर्ण कोरडा आणि स्वच्छ हवा, त्याला ग्रीस लावू नये, आणि नट टॉर्क पान्यानेच आवळावा.

आता पाण्याच्या पंपाकडे वळू. धार बाहेर पडणारे छिद्र प्रथम गवत कापण्याच्या यंत्रातील नायलॉनच्या तुकड्याने मोकळे करून पाहावे. गांधीलमाशीने केलेले मातीचे घर तिथे सापडणे ही नित्याची गोष्ट आहे. बऱ्याच जुन्या मॉडेलांत अशी धार मुळातच नसते, फक्त एग्झॉस्टजवळच्या भोकांतून पाण्याचे तुषार येतात, हेही पट्टीवरील मॉडेलवरून पडताळून घ्यावे. छिद्र मोकळे असले तरी अनेक वर्षे पडून असलेल्या इंजिनाचा इंपेलर मी न पाहता बदलतो. रबर एकाच स्थितीत वर्षानुवर्षे दुमडलेले राहिले की पाती तशीच वाकडी कायम होतात. ती वरवर शाबूत दिसली तरी पाणी ढकलत नाहीत.

इंपेलर इंजिनाच्या खालच्या भागात, गिअरबॉक्सच्या डोक्यावर असतो. खालचा भाग उतरवण्याआधी गिअर बदलणाऱ्या सळईचा जोड शोधून सोडावा लागतो. काही मॉडेलांत तो जोड रबरी बुचामागच्या लहान खिडकीतून दिसतो. तो न सोडता खालचा भाग ओढला तर सळई वाकते. पंपाचे झाकण उघडल्यावर इंपेलर, त्याची चावी, खालची स्टेनलेसची चकती आणि झाकणातील अस्तर या सर्वांकडे नीट पाहावे. चकतीवर नखाला अडकेल इतका खोल खड्डा पडला असेल तर नवा इंपेलर लावूनही दाब मिळणार नाही, म्हणून शक्यतो पंपाचा पूर्ण संच घ्यावा. इंपेलरचे एखादे पाते तुटलेले असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो वरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या झडपेपाशी) अडकलेला असतो आणि नव्या पंपाचे पाणीही तोच अडवतो.

नवा इंपेलर बसवताना त्याला साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावावे आणि शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत झाकण खाली दाबावे, म्हणजे सर्व पाती योग्य बाजूला दुमडतात. खालचा भाग वर चढवताना तांब्याची नळी पंपाच्या रबरी कड्यात नेमकी शिरते आहे ना, हे टॉर्चने पाहावे; ती बाजूला राहिली तर सारे पाणी बाहेरच सांडते. शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या खाचांना (स्प्लाइन) कडेने सागरी ग्रीस लावावे, पण शाफ्टच्या अगदी माथ्यावर लावू नये, कारण तिथे साचलेले ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही. खाचा जुळत नसतील तर फ्लायव्हील हलकेच पुढे फिरवावे. बोल्टने ओढून घेऊन त्या जुळवण्याचा मोह टाळावा.

हे सगळे लिहिताना मी गृहीत धरले की बोल्ट सुटतील. दाभोळच्या खाडीत भरतीचे खारे पाणी येते, त्यामुळे ॲल्युमिनियममध्ये बसवलेले स्टेनलेस किंवा लोखंडी बोल्ट पांढऱ्या क्षाराने जखडलेले असणार, हे धरूनच पाना उचलावा. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक झीज होते आणि त्यात ॲल्युमिनियमच खाल्ले जाते. गंज सोडवणारे तेल लावून एक-दोन दिवस थांबावे, बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत, हीट गनने भोवतालचे ॲल्युमिनियम गरम करावे आणि बोल्ट आधी थोडा आवळून मगच सोडावा, पुढे-मागे करत. पेट्रोलची टाकी, नळी आणि कार्ब्युरेटर या काळात दूर ठेवावेत. गॅसची ज्योत तर वापरूच नये. तरीही बोल्ट मोडला तर हातड्रिलने तो उकरण्यापेक्षा तो भाग लेथवाल्याकडे न्यावा. या बाबतीत पुण्यात राहण्याचा खरा फायदा आहे : भोसरीसारख्या औद्योगिक भागात मोडलेल्या बोल्टवर नट वेल्ड करून तो काढणारे आणि खराब आटे हेलिकॉइल (आट्यांच्या आकाराची तारेची गुंडाळी) घालून नवे करणारे कसबी हात सहज मिळतात. परत बसवताना प्रत्येक बोल्टला सागरी ग्रीस लावले तर पुढच्या वेळी ही झुंज टळते.

क्षारांचा थर पाण्याच्या अंतर्गत मार्गांतही असतो. थर्मोस्टॅट काढून पाण्यात गरम करून पाहावा; बहुतेक जुन्या इंजिनांत तो 60 अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतो. तो उघडत नसेल तर नवा घ्यावा. थर्मोस्टॅटच्या जागेतून नळाचे पाणी उलट दिशेने सोडल्यावर वाळू आणि पांढरी कपची बाहेर येतात. थर कठीण असेल तर पाण्यात निम्मे व्हिनेगर मिसळून थोडा वेळ भरून ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. टॉयलेट साफ करण्याचे आम्ल कोणी सुचवले तरी वापरू नये, ते ॲल्युमिनियमलाच खाते.

खालचा भाग हाताशी आहे तोवर गिअरचे तेल पाहून घ्यावे. खालचा स्क्रू सोडल्यावर दुधासारखे पांढरट तेल आले तर पाणी आत शिरले आहे. याचे नेहमीचे कारण पंख्यामागच्या (प्रोपेलरमागच्या) शाफ्टवर गुंडाळला गेलेला जाळ्याचा नायलॉन दोरा हे असते, कारण तो ऑईल सीलच कापतो. म्हणून पंखा काढून तिथे पाहावेच. नवे तेल खालच्या भोकातून वरच्या भोकापर्यंत भरावे, वरून भरल्यास आत हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे लावावेत.

आता पेट्रोल, जिथे आपला मूळ दोष बहुधा आहे. टाकीपासून सुरुवात करावी. नळी जुनी, कडक किंवा आतून चिकट झाली असेल तर ती बदलावी. नळीतील रबरी हातपंपावरचा बाण इंजिनाकडे हवा, आणि तो दाबल्यावर काही वेळात घट्ट व्हायला हवा. घट्ट होत नसेल किंवा घट्ट होऊन लगेच सैल पडत असेल तर जोडाच्या टोकाशी असलेल्या ओ-रिंगमधून हवा ओढली जाते आहे किंवा आतली झडप गेली आहे. पेट्रोल बाहेर गळत नाही म्हणून जोड चांगला, असे समजू नये. चालू इंजिन पेट्रोल ओढून घेत असते, त्यामुळे त्या जोडातून हवा आत जाते, थेंब बाहेर येत नाही.

त्यानंतर कार्ब्युरेटर काढावा. वाटीत पिवळसर राळ किंवा हिरवट चिकटा दिसेल. मुख्य जेट आणि मंद गतीचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग) दोन्ही बाहेर काढावेत. आपल्या लक्षणांत मंद गतीचा मार्ग तुंबलेला असण्याचा संभव अधिक आहे आणि घाईत नेमका तोच तसाच राहून जातो. जेट पितळेचे असते, त्यात पोलादी तार घातली की भोक मोठे होते आणि मिश्रण कायमचे बिघडते. कार्ब्युरेटर क्लिनरमध्ये भिजवून, वायरमधल्या तांब्याच्या एका बारीक तंतूने मोकळे करावे आणि प्रत्येक मार्गातून फवारा दुसऱ्या टोकाला निघतो का, ते डोळ्यांनी पाहावे. समायोजनाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने तळाशी टेकवून किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. नोंद नसेल तर दीड फेरा बाहेर ही सुरुवात बहुधा चालते. बॉडी उलटी धरली असता फ्लोट तिच्या कडेला समांतर राहतो, हे साधे माप बहुतेक जुन्या कार्ब्युरेटरना लागू पडते. पेट्रोल पंपाचा पातळ पडदा प्रकाशासमोर धरावा. कडक झालेला किंवा सुईएवढे भोक पडलेला पडदा बदलण्याखेरीज उपाय नाही.

पेट्रोलविषयी एक गंभीर बाब. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर आऊटबोर्डचे बहुतेक निर्माते 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात आणि फार जुनी इंजिने इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलीच नव्हती. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि बुचाच्या लाकडाच्या फ्लोटवरचे लाखेचे आवरण विरघळवते. ते हवेतील ओलावाही शोषते. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. टू-स्ट्रोकमध्ये हे विशेष घातक आहे, कारण वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि तळाचे तेलविरहित द्रव इंजिनात जाते. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, लागेल तेवढेच पेट्रोल मिसळावे आणि कोकणच्या पावसाळी हवेत ते टाकीत साठवू नये. तेल टीसी-डब्ल्यू3 दर्जाचे, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचेच वापरावे. स्कूटरचे टू-टी तेल वेगळ्या तापमानासाठी असते आणि त्याची राख प्लग व रिंगांवर साचते. प्रमाण पुस्तिकेत पाहावे. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर आणि 25:1 म्हणजे 40 मिलिलिटर. अधिक जुनी इंजिने बहुधा दुसऱ्या प्रमाणाची असतात.

एवढे झाल्यावर इंजिन भक्कम लाकडी चौकटीवर अडकवून 200 लिटरच्या पिंपात उतरवावे. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या चार बोटे वर हवे, पंखा काढलेला आणि गिअर न्यूट्रलमध्ये. सुरू होताच मंद गतीवर पाणी दिसते का ते पाहावे. अर्ध्या मिनिटात दिसले नाही तर बंद करावे. इंजिन पूर्वीप्रमाणे मरू लागले तर हातपंप दाबत राहावे. त्याने ते सावरले तर दोष पेट्रोल पंपात किंवा नळीत आहे. हातपंपाने फरक पडत नाही पण चोकने पडतो, तर जेट अजून तुंबलेले आहे किंवा कार्ब्युरेटरमागच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे. एकेका प्लगची वायर आलटून पालटून काढून पाहावे, मात्र इंजिन बंद करून आणि सुटलेली वायर धातूला जोडून. दोन्ही वेळा ते सारखेच रडतखडत चालले तर दोन्ही सिलिंडर काम करत आहेत. चाचणीनंतर पिंपातील पाण्यावर तेलाचा तवंग असतो. ते पाणी गटारात ओतू नये, ते शेवटी मुठेतच जाते. लाकडाच्या भुशाने तवंग टिपून घ्यावा.

सुट्या भागांबाबत : ऑईल सील आणि बेअरिंगवर मापाचे क्रमांक छापलेले असतात आणि ती पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात शोधता येतात, गॅस्केटचा कागद आणून गॅस्केट घरी कापता येते. इंपेलर, थर्मोस्टॅट आणि पेट्रोल पंपाचा संच मात्र मॉडेलनिहाय लागतो. त्यासाठी हर्णै किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरील मेकॅनिककडे विचारणा करावी. तिथल्या होड्यांवर जी इंजिने चालतात त्यांचे भाग त्यांच्याकडे येत-जात असतात.

खडकवासल्यात किंवा पानशेतला चाचणी घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. ती शहराच्या पिण्याच्या पाण्याची धरणे आहेत, तिथे परवानगीशिवाय मोटारबोट चालवता येत नाही, आणि टू-स्ट्रोकचे तेल त्या पाण्यात सांडणे योग्यही नाही. शिवाय कार्ब्युरेटरचे अंतिम समायोजन पुण्यात होतच नाही. पिंपात इंजिन स्वतःचाच धूर मिसळलेले पाणी आणि हवा घेते, आणि येथील विरळ हवेला जुळवलेले मिश्रण समुद्रसपाटीवर पेट्रोलला कमी पडते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. त्यामुळे पुण्यात स्क्रू थोडा अधिक उघडाच ठेवावा आणि दाभोळला होडीवर, गिअरमध्ये, पाच-दहा मिनिटे इंजिन तापल्यावर तो आठवा हिस्सा फेरा इकडे-तिकडे करून बसवावा. पहिली फेरी किनाऱ्यालगत, भरती लागत असताना काढावी, वल्ही आणि लाइफ जॅकेट बरोबर असावीत. परतल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन दहा मिनिटे चालवून मीठ धुवून काढावे आणि शेवटी पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल उरत नाही. जस्ताचा ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) अर्ध्याहून अधिक झिजला असेल तर त्याच वेळी बदलावा, आणि त्याला रंग देऊ नये.